स्वतःचे घर अजून न विकलेल्या गिऱ्हाइकाला घर दाखवावे का?

आर्वी किंवा दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावी घर विकायला काढले की, ‘खेड्यातले घर विकले की लगेच घेतो’ म्हणणारे हमखास येतात. त्यांना घर अवश्य दाखवावे, कारण गिऱ्हाईक मुळातच थोडे असते. मात्र त्यांचे घर खरोखर विक्रीस काढले आहे काय, ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या कर आकारणीचा उतारा) कोणाच्या नावे आहे आणि भावाबहिणींची संमती आहे काय, हे आधी विचारावे. कापूस विकून पैसे देऊ, हा वायदा त्यापेक्षा बरा. निदान बोंडे डोळ्यांना दिसतात. इसार हाती येईपर्यंत इतरांना घर दाखवणे थांबवू नये. साठेखत (पुढे विक्री करण्याचा लेखी करार) केल्यास मुदत आणि ती टळल्यावर इसाराचे काय, हे त्यात लिहावे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५४ नुसार अशा कराराने मालकी बदलत नाही, म्हणून खरेदीखत नोंदवल्याशिवाय ताबा देऊ नये.