फलक कोणत्या सालचे आहेत, ते आधी बघा

"ताई, अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलमध्ये डेटाचं काम करायचंय, कुठलं विद्यापीठ धरू?" असा फोन मला दर महिन्या-दोन महिन्यांनी येतो. फोन करणारी मुलं बहुधा जळगाव, अमरावती, नागपूर, पुण्याकडची. शाळेत सॉफ्टबॉल किंवा बेसबॉल खेळलेली, पुढे स्टॅटिस्टिक्स नाहीतर कॉम्प्युटरकडे वळलेली. मीही त्यातलीच. जळगावात सातवीपासून सॉफ्टबॉल, मग पुण्यात बीएस्सी, मग अमेरिकेत एमएस. जीआरई, शैक्षणिक कर्ज, व्हिसाची मुलाखत हे सगळं तुम्हाला ठाऊक असतं, त्यावर वेळ घालवत नाही. मी ज्या एका ठिकाणी फसले तेवढंच सांगते, आणि पाल्हाळ लावून सांगते. तेव्हा मला कुणी असं पाल्हाळ लावून सांगितलं असतं, तर बाबांना ठेव मोडावी लागली नसती.

मी २०२१ च्या ऑगस्टमध्ये गेले. मिडवेस्टमधलं, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातलं लहान विद्यापीठ, पण बेसबॉल डिव्हिजन वनचं, म्हणजे कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या स्तराचं. एकेकाळी त्या भागात या संघाचा दरारा होता. व्हिडिओ कॉलवर कोचनी फोन हातात घेऊन मला सगळी इमारत दाखवली. कॉरिडॉरमध्ये कॉन्फरन्स (आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) विजेतेपदाचे फलक ओळीनं लावलेले, खाली व्यावसायिक संघांनी निवडलेल्या खेळाडूंचे फोटो. मी तिथेच मनानं पोचले. फलकांवरची सालं वाचावीत हे डोक्यातच आलं नाही. पोचल्यावर पहिल्याच दिवशी वाचली. शेवटचा फलक २००६ चा होता.

काम मात्र खरंच सुंदर होतं, हे आधी सांगते. रोज दुपारी बुलपेनमध्ये, म्हणजे पिचर (चेंडू टाकणारे) सराव करतात तिथे, रडार गन घेऊन उभं राहायचं, प्रत्येक चेंडूचा वेग, पडण्याची जागा नोंदवायची, रात्री ट्रॅकमॅन या चेंडूचा माग घेणाऱ्या यंत्राच्या आकड्यांशी जुळवून पिचरसाठी एक पानाचा अहवाल करायचा. सामन्याच्या दिवशी डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकांवर, बसून चेंडू-चेंडूचा चार्ट. फेब्रुवारीच्या मध्यात मोसम सुरू होतो तेव्हा आमच्या मैदानावर गुडघाभर बर्फ असायचा, म्हणून पहिला महिना सगळे सामने दक्षिणेत. चौदा-चौदा तास बस. परतताना मुलं बसच्या मधल्या वाटेत सतरंजी टाकून झोपायची आणि सोमवारी सकाळी आठच्या वर्गाला हजर व्हायची. त्या मुलांबद्दल मला आजही माया आहे.

आता उतरण कशी दिसते ते सांगते, कारण बाहेरून ती दिसत नाही. आमच्याकडे एक डावखुरा पिचर होता. आला तेव्हा ताशी ८४ मैलांनी टाकायचा. आमच्या पिचिंग कोचनी त्याची पकड बदलली, मी त्याचे तीन महिन्यांचे आकडे रोज मांडत गेले, एप्रिलपर्यंत तो ९१ वर गेला. जूनमध्ये त्याचं नाव ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत होतं, आणि आठवड्याभरात तो एका मोठ्या कॉन्फरन्सच्या संघात. त्याला मी दोष देत नाही. पूर्वी बेसबॉलपटूनं विद्यापीठ बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ च्या एप्रिलमध्ये ती अट एका बदलीपुरती उठली, त्याच जुलैमध्ये खेळाडूंना जाहिरातीतून पैसे कमवायची मुभा मिळाली. लहान विद्यापीठानं मुलगा घडवायचा आणि तो मोठ्यानं उचलायचा, ही रीतच पडली. कोचच्या खोलीत एक पांढरा फळा होता, त्यावर प्रत्येक खेळाडूच्या नावाची चुंबकाची पट्टी. त्या जूनमध्ये त्यातल्या नऊ पट्ट्या निघाल्या. पट्टीखालचा फळा स्वच्छ राहिलेला, आजूबाजूला मार्करचा धुरकट थर, त्यामुळे नऊ पांढरे चौकोन उमटून दिसत होते. ते कुणी पुसलेही नाहीत.

दुसरी कारणं थोडक्यात. मेजर लीगचा ड्राफ्ट (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) ४० फेऱ्यांचा होता, तो २०२१ पासून २० चा झाला. त्याच वर्षी व्यावसायिक संघांना जोडलेले मायनर लीगचे, म्हणजे खालच्या पायरीचे संघ १६० वरून १२० वर आले. म्हणजे पूर्वी जी मुलं व्यावसायिक खेळाकडे निघून जायची, ती आता कॉलेजातच थांबतात आणि मोठ्या विद्यापीठांच्या जागा भरतात. त्यात कोविडमुळे सगळ्यांना कॉलेजात खेळायला एक वर्ष जादा मिळालेलं. आणि पैसा: डिव्हिजन वनमध्ये अख्ख्या बेसबॉल संघासाठी ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, त्या तुकड्या-तुकड्यांनी वाटायच्या. २०२५-२६ पासून खेळाडूंच्या खटल्यातल्या तडजोडीत सामील होणाऱ्या विद्यापीठांना ३४ जणांचा संघ ठेवून सगळ्यांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. ज्यांच्याकडे पैसा आहे ते देतील. बाकीच्यांचं काय, ते तुम्हीच मोजा.

आता माझा खड्डा.

त्याच जूनमध्ये आमचे हेड कोच दुसरीकडे गेले. मला वाईट वाटलं, पण माझ्या पोटाला चिमटा बसेल असं वाटलं नव्हतं. माझ्या असिस्टंटशिपच्या (विद्यापीठाचं काम करण्याच्या बदल्यात मिळणाऱ्या मदतीच्या) पत्रात फी माफी होती, महिन्याचा भत्ता होता, आणि तिसऱ्या परिच्छेदात एक ओळ होती: नियुक्ती एका शैक्षणिक वर्षासाठी, पुढे निधीच्या उपलब्धतेनुसार. अशी ओळ प्रत्येक पत्रात असते, असं मला एका सीनियर दादानं सांगितलं होतं. ते खरं आहे. प्रत्येक पत्रात असते. पण प्रत्येक पत्रात तिचा अर्थ सारखा नसतो, आणि हे नीट समजून घ्या.

विद्यापीठात असिस्टंटशिपचे पैसे दोन वेगळ्या थैल्यांतून येतात. एक थैली शैक्षणिक विभागाची. स्टॅटिस्टिक्स विभागाला पहिल्या वर्षाच्या शेकडो मुलांचे पेपर तपासायला माणसं लागतात. ती गरज दरवर्षी असते, म्हणून त्या पत्रातली "उपलब्धतेनुसार" ही ओळ बहुधा नुसती औपचारिक. दुसरी थैली क्रीडा विभागाची. तिथे तुमची जागा कशातूनही आलेली असू शकते: विभागाच्या बजेटमधून, एखाद्या माजी खेळाडूच्या देणगीतून, कोचनी खास मागून घेतलेल्या रकमेतून. माझी जागा एका देणगीतून होती, आणि ती देणगी त्या कोचना होती. कोच गेले, देणगी थांबली. जुलैच्या शेवटी मला ईमेल आली, चार ओळींची. भत्ता नाही, फी माफीही नाही. म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरची नऊ क्रेडिटची फी, तीही परराज्यातल्या विद्यार्थ्याच्या दरानं, तीन आठवड्यांत भरायची.

मग बाहेर कुठे काम करून का भरली नाही, असं घरचे विचारतात. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच. बाहेर हॉटेलात काम केलंत तर व्हिसा जातो. एक सेमिस्टर थांबून पैसे जमवतो म्हणालात, तर पूर्णवेळ नोंदणी नसली की विद्यार्थी म्हणून तिथे राहण्याचा दर्जा जातो. म्हणजे पुढेही जाता येत नाही आणि थांबताही येत नाही. आणि मला सर्वांत जास्त लागली ती गोष्ट ही: माझ्या आय-२० वर, म्हणजे विद्यापीठानं व्हिसासाठी दिलेल्या कागदावर, निधीची रक्कम छापलेली होती, म्हणून मी निर्धास्त होते. आय-२० वर असतो तो एका वर्षाचा हिशेब. दुसऱ्या वर्षाबद्दल तो कागद काहीच सांगत नाही. कॉन्सुलेटच्या खिडकीतून मी तो कागद सरकवला, तेव्हा मला दोन वर्षांची हमी हातात असल्यासारखं वाटत होतं.

बाबांनी पोस्टातली ठेव मोडली. आई फोनवर काही बोलली नाही, फक्त जेवलीस का विचारलं. मी स्टॅटिस्टिक्स विभागात दारोदार फिरले, सहा प्राध्यापकांना भेटले, ऑक्टोबरमध्ये पेपर तपासायचं अर्धं काम मिळालं, चौथ्या सेमिस्टरला पूर्ण. मे २०२३ मध्ये पदवी घेतली. सांगायचं एवढंच, की पत्र येताच तीन प्रश्न ईमेलनं विचारा, फोनवर विचारू नका: पैसे कोणत्या खात्यातून येतात? किती सेमिस्टर? हेड कोच बदलला तर जागा राहते का? उत्तर लेखी आलं नाही तर ते उत्तर "नाही" समजा. विचारलं तर कोच नाराज होतील, ही भीती मलाही होती. जे नाराज होतात त्यांच्याकडे जाऊच नका.

घाबरवते आहे असं वाटत असेल, तर थोडं थांबा. घसरलेल्या संघाकडे जाऊच नका असं मी म्हणत नाही. उलट लहान, घसरलेल्या संघात पहिल्या वर्षाच्या मुलीला जे काम हाती मिळतं, ते मोठ्या संघात दोन वर्षं मिळत नाही. तिथे तुमच्या वर चार विश्लेषक असतात, तुम्ही केबल गुंडाळता.

उतरण मोठ्या नावांनाही चुकलेली नाही. मी आता ह्यूस्टनला एका रुग्णालयात डेटाचं काम करते, आणि संध्याकाळी राइस विद्यापीठाच्या रेक्लिंग पार्कात सामने बघायला जाते. आउटफिल्डच्या पलीकडे मेडिकल सेंटरचे मनोरे दिवे लावून उभे असतात. राइस हे काही हजार विद्यार्थ्यांचं विद्यापीठ. वेन ग्रॅहम १९९२ मध्ये तिथे कोच झाले तेव्हा बेसबॉलमध्ये त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. १९९५ ते २०१७ सलग २३ वर्षं संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेला, सात वेळा ओमाहा शहरात होणाऱ्या आठ संघांच्या अंतिम फेरीत पोचला, २००३ मध्ये निर्णायक सामन्यात स्टॅनफर्डला १४-२ नं हरवून विजेता झाला. पुढच्या वर्षी ड्राफ्टच्या पहिल्या आठ निवडींत त्यांचे तीन पिचर होते. एका विद्यापीठाचे तिघे! ग्रॅहम २०१८ मध्ये गेले, वय ८२, आणि त्यानंतर अनेक वर्षं संघाला राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडलं नाही. कोच बदलले, पुन्हा बदलले. भोवतालचे तगडे संघ दुसऱ्या कॉन्फरन्सांत गेले होते. माझ्या मते तिथेही एक गोष्ट आमच्यासारखीच होती: सगळं एका माणसाभोवती उभं राहिलेलं. मला त्या मैदानावर बसलं की माझ्या कोचची रिकामी खोली आठवते.

तेव्हा संघाची तब्येत कशी ओळखायची? फलक सोडा. मी आता पहिल्यांदा सहायक कोचांची यादी बघते. १ जुलै २०२३ पासून डिव्हिजन वनमधली बिनपगारी कोचची जागा रद्द झाली आणि तिसरा सहायक पगारी ठेवायची परवानगी मिळाली. ज्या संघानं ती जागा अजून भरली नाही, तिथे तुमच्या भत्त्याला पैसे कुठून येणार? मग गेल्या तीन वर्षांचे संघ शेजारी-शेजारी ठेवते आणि किती मुलं टिकली ते मोजते. विद्यापीठाची एकूण विद्यार्थिसंख्या घटते आहे का तेही बघा. बजेट कापायची वेळ आली की बेसबॉल पहिल्या काहींत असतो. बॉइसी स्टेटनं ४० वर्षांनी २०२० मध्ये संघ पुन्हा उभा केला, कोविडआधी १४ सामने झाले आणि जुलैमध्ये संघ बंद. बोलिंग ग्रीननंही त्याच वर्षी बंद केला होता, तिथे माजी खेळाडूंनी तीन वर्षांसाठी १५ लाख डॉलर उभे करून तो परत आणला. ज्या संघाचे माजी खेळाडू असे धावून येतात, तो संघ खालच्या क्रमांकावर असला तरी मी धरीन.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत जरा ठाम आहे. हेड कोचला गुरू करू नका, तो जाणार असतो. आमच्याकडे साहित्य सांभाळणारे एक गृहस्थ होते, २६ वर्षं तिथेच. कोणाचा पैसा कुठून येतो, कोण कधी निघणार, सगळं त्यांना माहीत. मी पहिल्या वर्षी त्यांच्याशी टॉवेल मोजण्यापलीकडे बोलले नाही. बोलले असते तर मार्चमध्येच कळलं असतं. आणि ते सहा आठवड्यांचे बेसबॉल डेटाचे ऑनलाइन कोर्स, प्रमाणपत्रासकट? पैसे वाचवा. एका मोसमाचे पन्नास सामने टीव्हीवर बघून पेन्सिलनं चेंडू-चेंडूचा चार्ट भरा. मला मुलाखतीत प्रमाणपत्र कुणी विचारलं नाही, माझी चार्टची वही मात्र कोचनी वीस मिनिटं चाळली होती. कन्सल्टन्सीवाल्यांना तर यातलं काहीच कळत नाही, ते तुम्हाला फक्त क्रमवारी वाचून दाखवतील.

गेल्या महिन्यात अमरावतीच्या एका मुलानं त्याचं पत्र पाठवलं. तिसऱ्या परिच्छेदात तीच ओळ. मी त्याला तीन प्रश्न लिहायला लावले, दोन दिवस तो पाठवायला कचरत होता, मग पाठवले. उत्तर आलं: पैसे स्टॅटिस्टिक्स विभागाचे, चार सेमिस्टर, कोच बदलला तरी जागा राहते. संघ मागच्या मोसमात शेवटून दुसरा होता. तो ऑगस्टमध्ये जातोय. मी त्याला लोकरीचे जाड मोजे दोन जोड घ्यायला सांगितलेत, फेब्रुवारीतल्या डगआउटमध्ये पाय आधी गारठतात.