कलमी झाडाचं बोन्साय: गुटी बांधावी की नाही, हे कसं ठरवावं

शेजारच्या काकूंच्या मुलीने दोन वर्षांपूर्वी हिमाचलहून येताना लाल पानांचं जपानी मेपल आणलं. बुंध्यावर कलमाची गाठ स्पष्ट दिसत होती. काकू कुंडी घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही गाठ फार वाईट दिसते. वरून गुटी बांधून याचं बोन्साय होईल का?" गुटी म्हणजे झाडावरच सालीचा गोल पट्टा काढून तिथे ओलं शेवाळ बांधायचं आणि मुळं फुटली की वरचा भाग कापून वेगळं झाड करायचं.

प्रश्न अगदी रास्त होता. लाल किंवा बारीक कातरलेल्या पानांची मेपल बियांपासून लावली तर रोपं आईसारखी निघत नाहीत. म्हणून साध्या हिरव्या मेपलच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकट खालच्या भागावर, त्यांचं कलम करतात. बागेत त्याने काही बिघडत नाही. बोन्साय मात्र आपण हातभर अंतरावरून बघतो आणि बघताना नजर आधी बुंध्यावर जाते. खुंटाची साल एका रंगाची, वरची दुसऱ्या रंगाची आणि मध्ये फुगवटा असेल, तर झाड म्हातारं न दिसता जोडलेलं दिसतं. म्हणून थंड देशांतले बोन्सायवाले वसंतात पहिली पालवी जून झाली की जोडाच्या वर गुटी बांधतात आणि वरचा भाग स्वतःच्या मुळांवर वेगळा करतात. तेही सरसकट नाही. मेपलच्या काही नाजूक जाती स्वतःच्या मुळांवर रखडतात, म्हणून आधी जातीची चौकशी करतात.

काकूंना मात्र मी नाही म्हटलं, आणि त्याचं कारण गुटी नव्हतं. मेपलला पानं गाळून झोपायला सलग कित्येक आठवड्यांची खरी थंडी लागते. आपल्या मुंबईत जानेवारीतही रात्रीचा पारा साधारण सोळा-सतराच्या आसपास राहतो. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश नोंदले गेले, तो मुंबईचा विक्रम, आणि तोही एका रात्रीचा. झोप न मिळालेलं झाड दरवर्षी थकत जातं. मार्चपासून काकूंच्या मेपलची पानं कडेने करपू लागली आणि दुसरा उन्हाळा त्याने काढला नाही. ज्या झाडाला इथे जगायचंच नाही, त्याच्यावर सुरी चालवू नये.

काकूंचा प्रश्न मात्र मुंबईतल्या प्रत्येक कलमी झाडाला लागू आहे. नर्सरीतून आपण चिकू, रंगीबेरंगी बोगनवेल, अडेनियम, गोल पोटाचं फायकस आणतो. ही बहुतेक कलमीच असतात. गुटी बांधण्याआधी काय बघायचं, ते सांगते.

आधी जोड शोधा

झाड कुंडीसह डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, बुंधा ओल्या फडक्याने पुसा आणि खालून वर बघत जा. जिथे साल बदलते, बुंधा अचानक जाड किंवा बारीक होतो, किंवा तिरका जुना व्रण दिसतो, तिथे जोड आहे. शंका वाटली तर खालून आलेला एखादा फुटवा आणि शेंड्याचं पान शेजारी धरा. पानं वेगळी असली की खुंट वेगळा.

आता जोड मातीपासून किती वर आहे ते मोजा. दोन-तीन सेंटीमीटरच्या आत असेल तर गुटीची घाई करू नका. कुंडी बदलताना झाड थोडं खोल लावून, किंवा वरची मुळं त्यावरून फिरवून तो झाकता येतो. जोड बुंध्याच्या मध्यावर असेल आणि वर-खाली जाडीत फरक असेल, तर तो वर्षागणिक जास्तच उठून दिसणार. तिथे गुटीचा विचार करावा.

मग हे विचारा: खुंट तिथे का आहे?

हा प्रश्न लोक विसरतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. माळ्याने कलम उगाच केलेलं नसतं. चिकूचं घ्या. डहाणू-घोलवडकडून येणारी चिकूची कलमं बहुतेक खिरणीच्या खुंटावर असतात. खिरणी हळू वाढते, पण तिची मुळं चिवट आणि पाण्याची ओढ सोसणारी. गुटी बांधली की ही मुळं तुम्ही सोडून देता. चिकू स्वतःच्या मुळांवरही जगतो, पण मुळं फुटायला वेळ घेतो आणि नंतर पाण्याकडे रोज लक्ष द्यावं लागतं. आठ दिवस गावाला जाणाऱ्या घरात मी चिकूची गुटी बांधायला सांगणार नाही.

अडेनियमला तर गुटी कधीच नको. त्याचं फुगलेलं बूड हीच त्याची शोभा, आणि ते बियांपासून वाढवलेल्या खुंटाचं असतं. वरची फांदी वेगळी केलीत तर फुलं तीच मिळतील, पण तसं बूड मिळणार नाही. आंब्याच्या नादी लागू नका. गुटीला मुळं महामुश्किलीने फुटतात आणि पान बोन्सायसाठी फारच मोठं. एकाच झाडावर तीन रंग असलेल्या बोगनवेलीत प्रत्येक रंगाचं कलम वेगळं असतं. एका जोडाच्या वर गुटी बांधलीत तर हाती एकच रंग येईल. त्याची तयारी असेल तर खुशाल बांधा, फक्त बोगनवेलीची कोवळी मुळं काचेसारखी तुटतात हे लक्षात ठेवा.

आता ते गोल पोटाचं फायकस, जे नर्सरीत 'जिनसेंग' म्हणून विकतात. ते जिनसेंग नावाची औषधी मुळी नाही. आपल्या रस्त्याकडेला दिसणाऱ्या नांद्रुकाचंच भावंड आहे. फुगलेली मुळं बियांपासून वाढवलेल्या झाडाची आणि डोक्यावर लहान, जाड पानांच्या जातीचं कलम. त्या कलमाच्या फांद्या बहुधा पेन्सिलीएवढ्या असतात. एवढ्या फांदीला गुटी बांधणं म्हणजे वेळ दवडणं, कारण नांद्रुकाची फांदी पावसाळ्यात नुसती खोचली तरी लागते. गुटी उपयोगाची तिथे, जिथे तीन सेंटीमीटरहून जाड, वळणदार बुंधा हवा असतो आणि तो छाटकलमाने मिळत नाही. या झाडाला मी उलटा उपाय सुचवते: वरचं कलम काढून टाका आणि खुंटाला स्वतःचे फुटवे येऊ द्या. पान थोडं मोठं निघेल, पण झाड एकसंध दिसेल.

शेवटी झाडाची तब्येत. नुकतं आणलेलं, पिठ्या ढेकूण लागलेलं किंवा याच वर्षी कुंडी बदललेलं झाड असेल तर एक वर्ष थांबा. शेंड्याला टवटवीत नवी पालवी दिसली, तरच पुढचं वाचा.

गुटी बांधायची ठरली, तर

मुंबईत गुटीचा मुहूर्त म्हणजे मोसमी पाऊस. तो सरासरी ११ जूनच्या सुमारास पोचतो. पहिल्या दोन-तीन सरी होऊन हवा दमट झाली की बांधावी. मुळांना ऊब आणि ओल दोन्ही मिळतात.

जोडाच्या वर, जिथे पुढे मातीची पातळी यावी असं वाटतं, तिथे स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने बुंध्याभोवती एक पूर्ण गोल काप घ्या. बुंध्याच्या जाडीच्या दीडपट अंतर सोडून खाली दुसरा काप घ्या. बुंधा दोन सेंटीमीटरचा असेल तर पट्टा तीनचा. हा पट्टाही जोडाच्या वरच राहिला पाहिजे. दोन्ही काप एका उभ्या चिरेने जोडा आणि साल सोलून काढा.

नांद्रुक किंवा चिकू असेल तर लगेच पांढरा चीक वाहू लागतो. त्याची घाई करू नका. ओलं फडकं धरून बसा, पुसत राहा. दहा-पंधरा मिनिटांत चीक आटतो. मग उघड्या लाकडावरून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर सालीखालचा जिवंत थर अजून तिथे आहे. हाच थर जखम भरून काढतो. सुरीची पाठ आडवी धरून तो खरवडत राहा, लाकूड कोरडं, खरखरीत लागेपर्यंत. एक बारीकशी पट्टी राहिली तरी साल त्यावरून पूल बांधते, आणि झाडाला मुळं काढायची गरजच उरत नाही. गुटी फसते ती बहुतेक वेळा इथेच.

हे का चालतं, ते समजलं की हात नीट चालतो. मुळांकडून वर जाणारं पाणी लाकडातून जातं, म्हणून साल काढली तरी पानं सुकत नाहीत. पानांनी केलेलं अन्न मात्र सालीतून खाली येतं. वाट तुटली की ते वरच्या कापाच्या काठावर साचतं आणि तिथे मुळं फुटतात. म्हणून मुळं फुटवणारी पावडर (रूटिंग हॉर्मोन) लावायची ती वरच्या काठाला. खालच्या काठाला लावून काही मिळत नाही.

सुकं शेवाळ (स्फॅग्नम मॉस) तासभर पाण्यात भिजवा, मुठीत घट्ट पिळा आणि दोन मुठी भरून वरच्या काठाभोवती बसवा. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक, दोन्ही टोकांना सुतळी. वरची गाठ अगदी घट्ट हवी. आपल्या पावसात पाणी बुंध्यावरून ओघळत थेट गुटीत शिरतं आणि शेवाळ कुजतं. खालची गाठ जरा सैल ठेवा, म्हणजे साचलेलं पाणी निथळेल. ऊन लागत असेल तर वरून कापड गुंडाळा; मुळं बघायची झाली की ते उकलता येतं.

कापायची घाई नको

नांद्रुकात पाच-सहा आठवड्यांत प्लॅस्टिकला टेकलेली पांढरी टोकं दिसतात. ती दिसली म्हणून कापू नये. मुळं तपकिरी होऊन त्यांना उपमुळं फुटली, की वेळ झाली.

चिकूत मी हे चुकले. पहिल्या वर्षी जूनमध्ये बांधलेली गुटी ऑगस्टमध्ये चाचपली, आत टणक काहीतरी लागलं आणि मुळंच असतील असं समजून फांदी कापली. शेवाळात होती फक्त फिकट, खडबडीत गाठ, मुळं फुटण्याआधीची. आठवड्यात पानं लोंबली आणि सुंदर वळणाचा बुंधा मी गमावला. त्याचं मला अजून वाईट वाटतं. दुसऱ्या कलमावर पुढच्या जूनमध्ये गुटी बांधली आणि ऑक्टोबरचा उष्मा सरेपर्यंत हात लावला नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडली तेव्हा मुळांची चांगली जाळी झाली होती.

कापताना एकदम तोडू नका. गुटीच्या खाली अर्ध्यापर्यंत करवत घाला, आठवडाभर थांबा, पानं ताठ राहिली तर उरलेलं कापा. शेवाळ मुळांतून ओढून काढायचं नाही, तसंच लावायचं. बोन्सायच्या उथळ ट्रेमध्ये अजून नाही. साध्या खोलगट कुंडीत विटांचे चाळलेले खडे, कोकोपीट आणि थोडं जुनं शेणखत. बुंधा सुतळीने कुंडीला बांधून टाका, कारण बाल्कनीतल्या वाऱ्याने झाड डुललं की नवी मुळं तुटतात. एक-चतुर्थांश पानं कमी करा आणि तीन आठवडे सावलीत ठेवा. ट्रेचा विचार पुढच्या पावसाळ्यात.

खाली उरलेला खुंट टाकू नका. माझ्या चिकूखालचा तुकडा मी जोडाच्या जरा खाली छाटला आणि नेहमीसारखं पाणी घालत राहिले. फेब्रुवारीत जुन्या सालीतून खिरणीचे चार फुटवे आले, गडद आणि चिकूपेक्षा लहान पानांचे. त्यातले दोन ठेवले आहेत. बुंधा आधीच जाड आहे, मुळं जुनी आहेत, आणि त्यावर जोड कुठेच नाही.