मॅग्नम काडतुसांची तुलना करताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत किंवा वायोमिंगमध्ये एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी पहिली मोठी रायफल घेणारा माणूस बहुधा दुकानात दोन डबे शेजारी शेजारी ठेवतो, त्यांच्या मागच्या बाजूचा वेगाचा तक्ता वाचतो आणि ज्याचा आकडा मोठा ते काडतूस उचलतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी जे थोडे लोक या वाटेला लागले आहेत, त्यांच्याशी बोलताना ही सवय मला वारंवार दिसते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची परंपराच संपल्यासारखी झाली, त्यामुळे वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले काही आपल्या गाठीशी नसते आणि डब्यावरच्या तक्त्यालाच आपण गुरू मानतो. चुकीच्या निवडीची किंमत मात्र तीनशे किलोंचे जनावर मोजते. ते जखमी होऊन दाट झाडीत शिरते आणि सापडत नाही. ही वेळ येऊ नये एवढ्याचसाठी हा लेख आहे.

नावावरून होणारा घोटाळा

मॅग्नम म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दारू भरलेले, जोरकस काडतूस. दुकानात जाऊन ‘थ्री हंड्रेड मॅग्नम द्या’ असे कधीही सांगू नये, कारण त्या नावाचे एकच एक काडतूस नाही. १९२५ चे .३०० हॉलंड अँड हॉलंड, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात रॉय वेदरबी यांनी घडवलेले .३०० वेदरबी, १९६३ चे .३०० विंचेस्टर, १९९९ चे .३०० रेमिंग्टन अल्ट्रा आणि त्यानंतर आलेले आखूड .३०० विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम ही सगळी .३०८ इंच व्यासाची एकच गोळी उडवतात, परंतु त्यांच्या पुंगळ्यांची (दारू भरलेल्या पितळी नळकांड्यांची) लांबी, जाडी आणि खांद्याचा, म्हणजे तोंडाकडे निमुळत्या होणाऱ्या भागाचा, उतार निरनिराळा आहे. भलतेच काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत) बसले आणि चाप ओढला गेला, तर पुंगळी फाटून तप्त वायू तोंडावर येऊ शकतो. नळीवर कोरलेले पूर्ण नाव आणि पुंगळीच्या बुडावरचा ठसा शब्दन् शब्द जुळवून पाहावा, आणि दोन प्रकारची काडतुसे एकाच पिशवीत कधीही ठेवू नयेत.

तक्त्यातला वेग आणि आपल्या नळीतला वेग

१८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे छोटे माप) गोळी .३०-०६ या साध्या, मॅग्नम नसलेल्या काडतुसातून सेकंदाला सुमारे २,७०० फूट, .३०० विंचेस्टर मॅग्नममधून सुमारे २,९६० फूट आणि .३०० रेमिंग्टन अल्ट्रा मॅग्नममधून सुमारे ३,२५० फूट वेगाने निघते. नळीच्या तोंडाशी त्यांची ऊर्जा अनुक्रमे २,९००, ३,५०० आणि ४,२०० फूट-पाउंडांच्या आसपास येते. हे आकडे खरे आहेत, पण ते २४ किंवा २६ इंची चाचणी-नळीचे आहेत. डोंगर चढायला हलकी म्हणून आपण २२ इंची नळीची रायफल घेतली, तर इंचामागे साधारण २५ ते ५० फूट वेग कमी होतो. मॅग्नम काडतुसात दारू जास्त असते आणि ती जळायला सावकाश असते, त्यामुळे आखूड नळीचा फटका त्यालाच अधिक बसतो. दोन काडतुसांची तुलना करायची तर दोन्ही आकडे किती लांबीच्या नळीचे आहेत ते आधी पाहावे आणि शक्य असल्यास रेंजवर क्रोनोग्राफ लावून स्वतःच्या रायफलीचा वेग मोजावा. त्या दिवशी अनेकांना कळते की आपण मोठ्या मॅग्नमचे पैसे, वजन आणि दणका सोसतो आहोत, पण पदरात पडतो आहे तो खालच्या पायरीवरच्या काडतुसाचा वेग.

कायद्याची अपेक्षाही लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी आहे. कोलोरॅडोत एल्क आणि मूस (आणखी एक मोठे हरीण) यांच्यासाठी किमान .२४ इंच व्यासाची, किमान ८५ ग्रेन वजनाची, प्रसरण पावणारी गोळी लागते आणि १०० यार्डांवर तिची ऊर्जा १,००० फूट-पाउंड असावी लागते. साधे .३०-०६ ही अट सहज ओलांडते.

गोळीची घडण न पाहता काडतूस निवडणे

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच आहे. १९४६ साली जॉन नोस्लर नावाचे शिकारी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेले होते. त्यांच्या हातात .३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम होते, म्हणजे ताकदीची उणीव नव्हती. समोरच्या मूसच्या अंगावर चिखलाचा थर वाळलेला होता आणि त्यांच्या गोळ्या आत शिरण्याऐवजी वरच्या वरच फुटल्या. मऊ शिशावर तांब्याचे पातळ आवरण असलेली साधी गोळी मध्यम वेगाला उत्तम चालते, परंतु मॅग्नमच्या वेगाने जवळून लागली की तिच्या ठिकऱ्या होतात आणि जखम रुंद पण उथळ राहते. नोस्लर यांनी गोळीच्या मधोमध तांब्याच्या मिश्रधातूची आडवी भिंत ठेवली, जेणेकरून पुढचा भाग फुलावा आणि मागचा भाग शाबूत राहून आत जात राहावा. १९४८ पासून ही पार्टिशन गोळी बाजारात आली आणि आजही विकली जाते.

ही हकीकत मी प्रत्येक नवख्याला सांगतो, कारण तिच्यात निवडीचा योग्य क्रम दडलेला आहे. आधी जनावर आणि अंतर, मग गोळी, आणि ती गोळी पुरेशा वेगाने पोचवणारे काडतूस सर्वांत शेवटी. उलट दिशेनेही चूक होते. संपूर्ण तांब्याच्या गोळ्या फुटत नाहीत, पण फुलण्यासाठी त्यांना वेग लागतो. फार लांबून मारल्यास वेग उतरतो आणि गोळी न फुलता सुईसारखी आरपार निघून जाते. कोणत्या वेगापर्यंत आपली गोळी फुलते हे गोळी बनवणारे सांगतात. तो आकडा आणि आपल्या गोळीचा ३०० यार्डांवरचा वेग शेजारी शेजारी लिहून पाहावा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळीवर बंदी आहे, त्यामुळे तिथल्या लोकांना हा हिशेब चुकवताच येत नाही. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी स्थिर राहायला नळीच्या आतल्या खाचांचा पीळ पुरेसा घट्ट असावा लागतो, हेही खरेदीपूर्वी तपासावे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. एका प्रकारच्या काडतुसांनी रोख जुळवायचा आणि शिकारीला दुसरीच घेऊन जायचे, असे करू नये. वजन तेच असले तरी मारा दोनशे यार्डांवर कित्येक इंच सरकू शकतो.

दणक्याचा हिशेब न करणे

आठ पाउंडांच्या रायफलीत .३०-०६ चा धक्का सुमारे २० फूट-पाउंड असतो, .३०० विंचेस्टर मॅग्नमचा २६ च्या आसपास, तर .३३८ विंचेस्टर आणि .३०० अल्ट्रा यांचा ३० च्या वर जातो. खांदा हे सहन करतो, पण मेंदू करत नाही. पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात आणि हात आवळला जातो, आणि नेमबाजाला स्वतःला ते कळत नाही. ‘रायफल नीट लागत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या बाबतीत स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) आणि त्याचे स्क्रू तपासून झाले, की मी हेच तपासतो. साथीदाराने आपल्या पाठीमागे जिवंत काडतुसांत दोन-तीन नकली काडतुसे मिसळून द्यावीत. नकली काडतुसावर चाप ओढला गेला की नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि त्या क्षणी नळीचे तोंड खाली झुकताना सगळ्यांना दिसते. मी पहिल्यांदा ही चाचणी दिली तेव्हा माझी नळी बोटभर खाली गेली होती, आणि तोवर मी दुर्बिणीलाच दोष देत होतो. उपाय म्हणजे काही आठवडे कमी धक्क्याच्या .२२ रायफलीवर सराव करणे आणि मग एका बैठकीत मॅग्नमचे दहा-पंधराच बार काढणे.

नळीच्या तोंडाला ब्रेक (वायू बाजूला वळवणारा जोड) लावल्याने धक्का खूप कमी होतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो. कानांवर संरक्षण नसेल तर एकच बार कायमचे नुकसान करू शकतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या वाटाड्याचे कानही त्यात आले. स्कोपही डोळ्यापासून साडेतीन इंच तरी दूर बसवावा. चढावर, ओणवे होऊन बार काढल्यावर भुवईवर उमटलेली अर्धचंद्राकृती जखम मी दोघांच्या कपाळावर पाहिली आहे.

परवान्याचे काम मागे ठेवणे

एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असल्यास त्यातून सूट मिळते. मित्राची रायफल रेंजवर हातात घेण्याआधीही हे पाहावे आणि शंका असल्यास वकिलाला विचारावे. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कोलोरॅडोत शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो.

पुंगळीच्या पट्ट्यावर विसंबणे

वापरलेल्या पुंगळ्यांत दारू आणि गोळी भरून पुन्हा काडतुसे बनवणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. १९१२ च्या .३७५ हॉलंड अँड हॉलंडचा खांदा इतका उतरता होता की काडतूस चेंबरमध्ये नेमके थांबावे म्हणून बुडाशी पितळेचा उंचवटा असलेला पट्टा दिला गेला. तोच पट्टा पुढे ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम आणि .३०० विंचेस्टर मॅग्नममध्ये वारशाने आला. त्यांना स्वतःचा पुरेसा खांदा असूनही अनेक जण पट्ट्याच्या भरवशावर प्रत्येक वेळी डायने (पुंगळी पुन्हा आकारात आणणाऱ्या साच्याने) खांदा गरजेपेक्षा मागे ढकलतात. मग प्रत्येक बारासोबत पितळ पट्ट्याच्या जरा वर ताणले जाते आणि पातळ होत जाते.

बोल्ट (चेंबर बंद करणारा रायफलीचा सरकता दांडा) जड उघडत असेल तर आधी हे पाहावे की काडतुसे उन्हात तापलेल्या गाडीत पडली होती का, कारण गरम दारूने दाब वाढतो. तसे नसेल तर भरलेली दारू जास्त आहे असे समजून ती सगळी काडतुसे बाजूला ठेवावीत. बोल्ट सहज उघडला तरी रिकामी पुंगळी उजेडात फिरवून पाहावी. पट्ट्याच्या वर चकचकीत कडे दिसले, तर कागदाची क्लिप सरळ करून तिचे टोक काटकोनात वाकवावे आणि ते पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून बुडापासून वर ओढावे. बुडाजवळ टोक खाचेत अडकल्यासारखे वाटले, तर ती पुंगळी आणि तिच्याबरोबर तितक्याच वेळा भरलेल्या सगळ्या पुंगळ्या पक्कडीने चेपून भंगारात टाकाव्यात.