फिट येणाऱ्या रुग्णाबाबत या चुका टाळा

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, आहे आणि योग्य निदान व औषधे मिळाली, तर त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. तरीही आमच्या अपस्माराच्या ओपीडीत वर्षानुवर्षे फिट चालू असलेले रुग्ण येत राहतात. औषधच उपलब्ध नाही, हे त्यामागचे कारण क्वचितच असते. बहुतेक वेळा त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा झालेल्या असतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे रिपोर्ट पाहून निदान करणे. नातेवाईक जाडजूड फाइल घेऊन येतात, पण ज्याने फिट प्रत्यक्ष पाहिली तो माणूस घरीच राहिलेला असतो. ईईजीमध्ये मेंदूतील विद्युत हालचालींची अर्ध्या तासाच्या आसपासची नोंद होते. अपस्मार असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो आणि कधीही फिट न आलेल्या काही निरोगी माणसांच्या ईईजीतही दोष दिसतो. त्यामुळे नॉर्मल ईईजीवरून अपस्मार नाही असे ठरत नाही आणि सदोष ईईजीवरून तो आहेच असेही ठरत नाही.

एक शाळकरी मुलगी कबड्डीच्या सरावात पळताना कोसळायची. एका रुग्णालयात तिचा ईईजी आणि एमआरआय झाला, ईईजीत किरकोळ दोष निघाला आणि गोळ्या सुरू झाल्या. पडणे थांबेना म्हणून दुसरी गोळी आली, मात्रा वाढली, मुलगी वर्गात पेंगू लागली आणि आईवडिलांनी तिचा खेळ बंद केला. ती आमच्याकडे आली तेव्हा आईने स्वतः एकदाही फिट पाहिलेली नव्हती. म्हणून संघातल्या मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, “पळता पळता तिचा चेहरा एकदम पांढरा पडतो, ती मऊ होऊन पडते, मग हातपाय थोडे उडतात आणि लगेच उठून विचारते, काय झालं?” अपस्माराच्या मोठ्या फिटमध्ये शरीर आधी ताठ होते, चेहरा बहुधा निळसर पडतो आणि शुद्धीवर आल्यावरही माणूस बराच वेळ गोंधळलेला असतो. इथे सगळेच उलट होते. दहा मिनिटांत होणारा साधा ईसीजी काढला आणि त्यात क्यूटी अंतर, म्हणजे प्रत्येक ठोक्यातील विद्युत क्रिया पूर्ण व्हायला लागणारा वेळ, लांबलेले दिसले. हा हृदयाच्या ठोक्यांचा आनुवंशिक विकार असून धावताना किंवा दचकल्यावर त्यात ठोके बिघडतात, मेंदूला रक्त कमी पडते आणि प्रसंगी जीवही जातो. धाकट्या भावाचा ईसीजीही तसाच निघाला. आता दोघेही हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आहेत आणि मुलीच्या फिटच्या गोळ्या बंद आहेत. हजारो रुपयांच्या तपासण्या झाल्या होत्या, पण ईसीजी कोणी काढला नव्हता आणि त्या मैत्रिणीला कोणी काही विचारले नव्हते, याचा संताप मला अजूनही येतो.

म्हणून फाइल मी शेवटी उघडतो. आधी साक्षीदाराला विचारतो: पडण्याआधी रुग्ण काय करत होता, चेहऱ्याचा रंग कसा होता, डोळे उघडे होते की मिटलेले, कोणता हात आधी उडाला, जीभ कडेला चावली गेली का, माणसे ओळखायला किती वेळ लागला. घरच्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढावा, मात्र एक जण रुग्णाकडे पाहत असेल तरच दुसऱ्याने काढावा. चादर बाजूला करावी, दिवा लावावा, चेहरा आणि दोन्ही हात दिसू द्यावेत आणि रुग्ण नीट बोलू लागेपर्यंत चित्रण थांबवू नये. पहिल्या फिटनंतर प्रत्येकाचा ईसीजी झालाच पाहिजे, याबाबत मी तडजोड करत नाही.

तरुण रुग्णाला आणखी एक प्रश्न न चुकता विचारावा: सकाळी उठल्यावर हाताला झटका बसून चहाचा कप किंवा दात घासायचा ब्रश उडतो का? पुष्कळ जण हे आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांना तो धांदरटपणा वाटतो. उत्तर ‘हो’ असेल तर किशोरवयात सुरू होणाऱ्या मायोक्लोनिक (स्नायूंना अचानक झटके बसणाऱ्या) अपस्माराची शक्यता असते आणि अशा रुग्णाला कार्बामाझेपिन हे फिटचे औषध दिल्यास झटके वाढू शकतात. हा प्रश्न न विचारताच तिसरे औषध सुरू करणारे नवे डॉक्टर पाहिले की वाईट वाटते.

दुसरी चूक म्हणजे बरे वाटू लागताच गोळ्या बंद करणे. औषधे फिट दाबून ठेवतात, मूळ प्रवृत्ती बहुतेक वेळा तशीच राहते. दोन वर्षे फिट न आलेल्या १०१३ रुग्णांवरील ब्रिटिश अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील दोन वर्षांत गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी ७८ टक्के, तर हळूहळू बंद केलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण फिटमुक्त राहिले. म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याने, सावकाश मात्रा कमी करूनही धोका वाढला. मग नवरात्रात नऊ दिवस उपवास म्हणून गोळी न घेणाऱ्याचे किंवा लग्न ठरल्यावर सासरी कळू नये म्हणून गोळ्यांची पट्टी लपवणाऱ्या मुलीचे काय होणार? अचानक गोळ्या थांबवल्यास एकामागून एक फिट येऊन रुग्ण अतिदक्षता विभागात दाखल होऊ शकतो. गोळी घोटभर पाण्याबरोबर घेतल्याने कोणताही उपवास मोडत नाही, असे मी प्रत्येक घराला सांगतो. लग्नाच्या बाबतीत कायदाही बदलला आहे: हिंदू विवाह कायद्यातील, विवाहाला अडसर ठरणारा अपस्माराचा उल्लेख १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला. माझा आग्रह असा असतो की गोळी दात घासण्याच्या वेळेला जोडावी, आठवड्याच्या कप्प्यांची डबी वापरावी आणि प्रवासाला दोन दिवसांच्या जादा गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. सलग जागरण हेही गोळी चुकवण्याइतकेच घातक ठरू शकते.

फिट चालू असताना तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये आणि पाणी पाजू नये. रुग्णाला कुशीवर वळवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत आणि घड्याळ पाहावे. फिट ५ मिनिटांत थांबली नाही तर ती आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलॅम या फिट थांबवणाऱ्या औषधाचा नाकातला स्प्रे मारावा आणि रुग्णालय गाठावे.

रक्तातील साखर किंवा सोडियम घसरल्यामुळे अथवा दारू एकाएकी सोडल्यामुळे आलेली फिट म्हणजे अपस्मार नव्हे.

स्कॅनमध्ये गाठ दिसली की लोक कर्करोग समजून हादरतात. आपल्याकडे ती अनेकदा पट्टकृमी या चपट्या जंताच्या अळीची असते. मानवी विष्ठेतून पाण्यात आणि भाजीपाल्यावर गेलेली अंडी पोटात गेल्याने हा आजार होतो, त्यामुळे तो शाकाहारी माणसालाही होतो. दुकानातून जंताची गोळी आणून स्वतःच घेणे मात्र धोक्याचे आहे, कारण मेंदूतील अळ्या मरताना सूज वाढते आणि म्हणून हे औषध डॉक्टर बहुधा स्टिरॉइडच्या आधारानेच देतात.

मूल होण्याच्या वयातील स्त्रीला व्हॅल्प्रोएट हे फिटचे औषध देताना गर्भावरील परिणाम न सांगणे अक्षम्य आहे. गर्भारपणात हे औषध घेतल्यास सुमारे १० टक्के बाळांत मोठे जन्मजात दोष आढळतात आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. दिवस गेल्याचे कळल्यावर घाबरून गोळी बंद करणे हीही चूकच आहे. औषधबदलाचा विचार मूल हवे असे ठरवतानाच, डॉक्टरांसोबत व्हायला हवा.

राहिला अपस्मारासाठीच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेतील उशीर. ग्लासगोतील रुग्णांचा २००० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पहिल्या औषधाने ४७ टक्के आणि दुसऱ्याने आणखी १३ टक्के रुग्ण फिटमुक्त झाले. त्यानंतरच्या औषधांनी भर पडली ती अवघी ४ टक्क्यांची. म्हणूनच योग्य निवडलेली दोन औषधे पुऱ्या मात्रेत घेऊनही फिट थांबत नसतील, तर आजार औषधांना दाद न देणारा मानला जातो. इथे घाई करणाऱ्यांनाही सांगायला हवे: अर्ध्या मात्रेत महिनाभर घेऊन सोडलेले औषध फसले असे म्हणता येत नाही, आणि दर महिन्याला डॉक्टर बदलणाऱ्या घरात एकही औषध पुऱ्या मात्रेपर्यंत पोहोचत नाही. दुसऱ्या टोकाला सहावे-सातवे औषध बदलत बसलेले रुग्ण असतात. दिल्लीच्या एम्समध्ये औषधांना दाद न देणाऱ्या ११६ मुलांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला: शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले वर्षभरानंतर फिटमुक्त होती, केवळ औषधांवर असलेल्यांपैकी ७ टक्के. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत ही शस्त्रक्रिया १९९५ पासून होते आणि मुंबई-पुण्यातही सोय आहे. दुसरे औषध फसताच डॉक्टरांना विचारावे की शस्त्रक्रियेच्या दृष्टीने तपासणी करता येईल का. या तपासणीत दाखल करून व्हिडिओ ईईजी (चित्रण आणि ईईजी एकाच वेळी) केला जातो आणि अपस्मारासाठीच्या खास पद्धतीने एमआरआय पुन्हा काढला जातो. साध्या एमआरआयमध्ये निसटलेला हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतील स्मरणशक्तीशी संबंधित भागाचा) व्रण अशा एमआरआयमध्ये पुष्कळदा सापडतो. तपासणीला होकार दिला म्हणजे शस्त्रक्रियेला होकार दिला असे होत नाही.