पानशेतला जाताना आधी पाणी बघा, मग जागा ठरवा

पानशेतच्या काठावर दिवस मजेत जाणार की चिखलात, हे धरणात त्या दिवशी पाणी किती आहे त्यावर ठरतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धरण भरलं की पाणी थेट गवताला आणि झाडीला लागतं, बसायला काठच उरत नाही. मे महिन्यात तेच पाणी खूप खाली जातं आणि गाळाचा लांब उतार उघडा पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. पाणी हळूहळू उतरत असतं, वरचा काठ वाळून घट्ट झालेला असतो. खडकवासला साखळीतल्या चारही धरणांचा साठा वर्तमानपत्रात येतो, तो आदल्या दिवशी नजरेखालून घाला.

पुण्याहून अंतर साधारण ४० किलोमीटर. सिंहगड रस्त्याने खडकवासला धरण ओलांडलं की पाणी उजव्या हाताला ठेवून सरळ जायचं. डोणजे फाट्याला सिंहगडाचा रस्ता डावीकडे जातो आणि खानापूरला पाबे घाटाचा, दोन्ही सोडून द्या. रविवारी सकाळी साडेसहाला शहर सोडा आणि परतताना चारच्या आत निघा. संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर गाड्या तुंबतात. पेट्रोल आणि रोख पैसे शहरातच घ्या, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण पानशेतच्या पुढे रेंज भरवशाची नाही. पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर. जेवण हवं असेल तर पोचल्या पोचल्या सांगून ठेवा, पिठलं-भाकरी ऐन वेळी मिळेलच असं नाही.

गाडी मुरमावरच थांबवा. पाणी उतरलेल्या जमिनीवर वरून भेगा पडलेल्या दिसतात, पण त्या पापुद्र्याखाली गाळ ओलाच असतो. टाच जोरात रोवून बघा. खालून पाणी वर आलं किंवा जमीन लवली, तर तिथे ना गाडी न्यायची, ना पोरांना खेळू द्यायचं. चाक रुतलंच तर एक्सलरेटर दाबू नका, चाक गरगर फिरून आणखी खाली जातं. टायरमधली थोडी हवा सोडा, चाकापुढचा गाळ हाताने काढून दगड किंवा फांद्या घाला आणि मग सावकाश निघा. गुडघ्यापर्यंत पाय रुतला तर मागे रेलून बसा आणि पाय हलवत हलवत सोडवा. सरळ वर उपसायला गेलात तर गाळ आणखी घट्ट धरतो. काठावर काही ठिकाणी गाळपेर असते, म्हणजे पाणी उतरल्यावर गाळात पेरलेलं पीक. तो माळ वाटला तरी शेत आहे, पिकातून चालू नका.

पाण्यात उतरू नका, हे आम्ही ठासून सांगतो. जलाशयाखाली जुनी भातखाचरं, बांध, विहिरी आहेत. गुडघाभर पाण्यात चालताना बांधाची कड संपते आणि पुढचं पाऊल डोक्यावरच्या पाण्यात पडतं. खाली पाय टेकला तरी गाळ लागतो, जोर घेता येत नाही, आणि भिजलेली जीन्स पाय जड करते. पोहता येणारेही अशाच जागी बुडतात. सोबत १५ मीटर दोरी आणि झाकण घट्ट बसणारा दहा लिटरचा रिकामा कॅन ठेवा. दोरीचं एक टोक कॅनच्या मुठीला बांधा. कुणी गटांगळ्या खायला लागलं तर कॅन त्याच्या पलीकडे फेकून त्याच्याकडे ओढून आणा, स्वतः उडी घेऊ नका. एकाने त्याच वेळी ११२ला फोन लावायचा.

बोटीत किंवा कयाकमध्ये बसायचं असेल तर सकाळीच. दुपारी दरीतून वारा सुटतो आणि लाटा उठतात. आधी वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर वाराच परत आणतो. लाइफ जॅकेटचे बक्कल लावून खांद्यांना धरून वर ओढून बघा. ते कानांपर्यंत आलं तर सैल आहे, पट्टे आवळा.

पावसाळ्यात भिंतीखालच्या नदीपात्रात डबा उघडून बसणं सर्वांत धोक्याचं. इथे पाऊस नसला तरी वरच्या खोऱ्यात कोसळतो, विसर्ग वाढवला की कोरडे खडक बघता बघता पाण्याखाली जातात. भोंगा ऐकू आला की सामान सोडून वर चढा. प्रशासनाचा मनाई आदेश असेल तर बेतच रद्द करा. तंबू लावायचा झाला तर आधी गावात विचारा आणि पाण्याच्या कडेपासून बऱ्याच उंचीवर लावा, धरण भरत असताना पातळी रात्रीतून वाढते.

हे पाणी खडकवासल्यात उतरतं आणि तिथून पुण्याच्या नळाला येतं. साबण, शॅम्पू, गाडी धुणं इथे चालणार नाही. शौचाला पाण्यापासून किमान ६० मीटर लांब जा आणि वीतभर खड्डा करून वर माती लोटा. बाटल्या, पत्रावळी, उरलेलं अन्न यासाठी दोन जाड पिशव्या घरूनच न्या. काठावर कचऱ्याचा डबा सापडेल या भरवशावर राहू नका.