सायबर सुरक्षेची लॅब: प्रत्येक हल्ला दोन्ही बाजूंनी पाहा

सायबर सुरक्षेच्या प्रॅक्टिकलमध्ये बहुतेक वेळ टूल चालवण्यात जातो आणि त्या टूलने नेमकं काय केलं हे पाहायला वेळच उरत नाही. टर्मिनलवर रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचा, प्रॉम्प्ट आला की अर्धंच काम झालेलं असतं. तो हल्ला पॅकेटमध्ये कसा दिसला, लक्ष्य मशीनवर काय बदललं आणि तो कशाने बंद होतो, हे पाहिल्याशिवाय पुढच्या प्रयोगाला हात लावू नका.

आधी कुंपण

8 जीबी रॅम आणि 60 जीबी मोकळी जागा असलेला संगणक पुरतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकात आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम) दोन मशीन उभ्या करा: हल्ल्यासाठी काली लिनक्स (2 जीबी रॅम, जमल्यास 4) आणि लक्ष्य म्हणून मेटास्प्लॉइटेबल 2 (512 एमबी पुरते). मेटास्प्लॉइटेबल तयार डिस्कच्या रूपात मिळते, त्यामुळे नवी मशीन बनवताना नवी डिस्क न घेता तीच जोडायची. मशीन सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का ते आधी पाहा. विंडोजवर खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसत असेल तर विंडोजची स्वतःची व्हर्च्युअलायझेशन यंत्रणा हायपर-व्ही चालू आहे आणि सगळं संथ चालणार.

सर्वांत महत्त्वाची निवड नेटवर्कची. ब्रिज्ड मोड कधीही वापरू नका. त्यात मुद्दाम कच्ची ठेवलेली लक्ष्य मशीन थेट विद्यापीठाच्या नेटवर्कवर येते आणि ती कोणालाही सहज फोडता येते. काली आधी नॅटवर (तुमच्या संगणकामार्फत इंटरनेट देणारा मोड) ठेवून अपडेट करा, मग दोन्ही मशीन एकाच नावाच्या इंटरनल नेटवर्कवर आणा. इथे बरेच जण अडतात: इंटरनल नेटवर्कवर पत्ते वाटणारा डीएचसीपी आपोआप चालू नसतो, म्हणून मशीनला पत्ताच मिळत नाही. हाताने द्या, कालीला 10.10.10.5 आणि लक्ष्याला 10.10.10.6, दोन्हीकडे मास्क 24 बिटांचा.

दोन चाचण्या घ्या. कालीवरून लक्ष्याला केलेल्या पिंगला उत्तर आलं पाहिजे, आणि लक्ष्यावरून इंटरनेटवरच्या 8.8.8.8 ला केलेल्या पिंगला येता कामा नये. दुसऱ्या पिंगला उत्तर आलं तर तिथेच थांबा आणि नेटवर्क दुरुस्त करा. मग दोन्ही मशीनचे स्नॅपशॉट, म्हणजे परत येता येईल अशी साठवलेली स्थिती, घ्या. लेखी परवानगी नसलेल्या कोणत्याही मशीनवर, अगदी शेजारच्या टेबलावरच्याही, स्कॅन चालवायचा नाही. यात सूट नाही.

स्कॅन पॅकेटमध्ये वाचा

कालीवर वायरशार्क (पॅकेट टिपणारा प्रोग्रॅम) सुरू करून मगच एनमॅप (पोर्ट, म्हणजे सेवांचे क्रमांकित दरवाजे, तपासणारा स्कॅनर) चालवा. पर्याय न देता चालवलेला एनमॅप सर्वाधिक वापरातले 1000 टीसीपी पोर्टच तपासतो. पूर्ण 65,535 पोर्ट तपासायला सांगितलं की 3632 आणि 8787 सारखे, पहिल्या यादीत नसलेले पोर्ट समोर येतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. ‘काही सापडलं नाही’ असं लिहिण्यापूर्वी आपण किती ठिकाणी शोधलं, हा प्रश्न त्यातून अंगवळणी पडतो.

वायरशार्कमध्ये एक उघडा आणि एक बंद पोर्ट निवडा. एनमॅप आधी सिन, म्हणजे जोडणीची विनंती, पाठवतो. उघड्याकडून होकार म्हणून सिन-अ‍ॅक येतं, बंदकडून नकार म्हणून रीसेट. सिन-अ‍ॅकनंतर कालीकडूनही रीसेट जातं, कारण सिन पाठवलं एनमॅपने. कालीच्या कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) त्या जोडणीची माहितीच नसते. कनेक्ट स्कॅनचा पर्याय (-sT) दिला तर एनमॅप पूर्ण हस्तांदोलन करतो आणि लक्ष्यावरच्या सेवेला जोडणी आल्याचं कळतं. दोन्ही प्रकार करून पाहा.

एक बॅकडोर, तिन्ही टप्पे

पोर्ट 21 वर व्हीएसएफटीपीडी 2.3.4 हा एफटीपी (फाइल देवाणघेवाणीचा) सर्व्हर दिसेल. 2011 मध्ये या आवृत्तीची डाउनलोडसाठी ठेवलेली फाइल कोणीतरी बदलली होती: वापरकर्त्याच्या नावात अपूर्णविराम आणि बंद कंस, म्हणजे हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह, आलं की पोर्ट 6200 वर रूट शेल (रूटच्या अधिकाराने आज्ञा घेणारा प्रोग्रॅम) उघडतो. मेटास्प्लॉइट या हल्ल्यांच्या टूलमध्ये तयार मॉड्यूल आहे, पण पहिल्यांदा ते वापरू नका. नेटकॅटने (पोर्टला थेट जोडणारं टूल) 21 ला जोडा, ते चिन्ह लावलेलं नाव आणि कोणताही पासवर्ड द्या, मग दुसऱ्या टर्मिनलवरून 6200 ला जोडा. सगळी यंत्रणा डोळ्यांसमोर उलगडते.

आता दुसरी बाजू. लक्ष्यावर हल्ल्याआधी आणि नंतर नेटस्टॅट (उघडे पोर्ट आणि जोडण्या दाखवणारी आज्ञा) चालवून दोन्ही याद्यांतला फरक काढा. वायरशार्कमध्ये 6200 चा संवाद सलग उघडला की तुम्ही टाइप केलेली प्रत्येक आज्ञा साध्या अक्षरांत दिसते. तिसरा टप्पा बंदोबस्ताचा: आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलने 6200 अडवा आणि हल्ला पुन्हा करा. शेल हाती लागत नाही, पण बिघडवलेला प्रोग्रॅम तिथेच आहे. खरा उपाय म्हणजे शुद्ध आवृत्ती बसवणं आणि डाउनलोड केल्यावर डिजिटल स्वाक्षरी तपासणं. बदललेली ती फाइल स्वाक्षरीच्या तपासणीत नापास होत होती.

मॉड्यूल दुसऱ्यांदा चालवल्यावर सेशन मिळत नसेल, तर बहुतेक वेळा आधीच्या प्रयत्नात उघडलेला 6200 अजून उघडाच असतो. स्नॅपशॉटवर परत जा. परतल्यावर मशीनचं घड्याळ मागे पडलेलं असू शकतं, मग लॉग आणि पॅकेट यांच्या वेळा जुळत नाहीत. दोन्ही मशीनची वेळ सुरुवातीलाच वहीत टिपून ठेवा.

बफर ओव्हरफ्लो: संरक्षणं एकेक करून

प्रोग्रॅमने राखलेल्या जागेपेक्षा जास्त डेटा भरून त्याचा ताबा घेण्याच्या या प्रयोगाला किमान दोन सत्रं द्या. सिराक्यूज विद्यापीठात तयार झालेल्या सीड लॅब या सुरक्षा-प्रयोगांच्या संचातला असा प्रयोग तयार व्हर्च्युअल मशीनसह मिळतो. सुरुवातीला तीन संरक्षणं काढायची: कर्नलमधली पत्त्यांची सरमिसळ (एएसएलआर) बंद, कंपाइल करताना स्टॅकवर (प्रोग्रॅमची तात्पुरती मेमरी) नजर ठेवणारा स्टॅक प्रोटेक्टर बंद, आणि स्टॅकवरचा कोड चालवायला परवानगी.

जीडीबी या डीबगरमध्ये हल्ला चालतो आणि बाहेर कोसळतो, ही नेहमीची तक्रार आहे. जीडीबी आपले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल टाकतो, त्यामुळे स्टॅकचे पत्ते थोडे सरकतात. शेलकोडच्या (शेल उघडण्यासाठी घुसवलेला कोड) आधी नॉप, म्हणजे काहीच न करणाऱ्या, सूचनांचा लांब पट्टा ठेवा आणि उडी त्याच्या मधोमध मारा. शेल मिळाला पण तो रूटचा नाही, अशीही गत होते. उबंटूतला डॅश शेल खरा (प्रोग्रॅम चालवणारा) आणि प्रभावी (ज्याचे अधिकार लागू आहेत तो) वापरकर्ता वेगळे दिसले की अधिकार सोडून देतो. म्हणून शेलकोडमध्ये आधी वापरकर्ता क्रमांक शून्य, म्हणजे रूटचा, करावा लागतो.

हल्ला जमला की संरक्षणं एका वेळी एकच चालू करा आणि येणारा संदेश नोंदवा. स्टॅक प्रोटेक्टर ‘स्टॅक स्मॅशिंग’ पकडल्याचं सांगून प्रोग्रॅम थांबवतो. स्टॅकवर कोड चालवायला मनाई असेल तर सेगमेंटेशन फॉल्ट येतो. 32 बिटांच्या लिनक्सवर स्टॅकच्या पत्त्याला 19 बिटांचीच अनिश्चितता असते, म्हणजे 5,24,288 शक्यता. तोच हल्ला लूपमध्ये सोडला तर कधीतरी लागतो. 64 बिटांवर हा मार्ग व्यवहार्य राहत नाही.

पासवर्डचा प्रयोग तुलनेने सोपा आहे. कालीतली रॉकयू ही पासवर्डची यादी दाबलेल्या स्वरूपात असते, ती आधी उलगडा. पासवर्ड फोडणाऱ्या जॉन द रिपरने दुसऱ्यांदा ‘फोडायला हॅश उरले नाहीत’ असं म्हटलं (हॅश म्हणजे पासवर्डचं साठवलेलं रूप) तर काही बिघडलेलं नाही. पहिल्या वेळचे निकाल त्याने साठवले आहेत, ते दाखवण्याचा पर्याय वापरा.

अहवालात स्क्रीनशॉटचा ढीग नको. प्रत्येक प्रयोगासाठी स्नॅपशॉटचं नाव, दिलेली आज्ञा, अपेक्षित आणि प्रत्यक्ष निकाल, दोन्हींतल्या फरकाचं कारण आणि केलेला बंदोबस्त लिहा. सोबत वायरशार्कची फाइल जोडा आणि महत्त्वाच्या पॅकेटचे क्रमांक द्या. दुसऱ्या विद्यार्थ्याला तेवढ्यावरून सगळं पुन्हा करता आलं नाही, तर नोंद अपुरी आहे. कुठे अडलं ते त्यालाच विचारून भर घाला.