नवी मोटारसायकल सदोष निघाली? आधी जॉबकार्ड नीट लिहून घ्या

नव्या गाडीत दोष निघाला की कोणीतरी हमखास सांगतं, ‘सात दिवसांत परत करता येते.’ येत नाही. आरटीओत नोंद होऊन नाशिकची एमएच १५ ची पाटी लागलेली गाडी शर्टासारखी बदलून द्यायला लावणारा असा कुठलाही नियम नाही. आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. दोष सिद्ध झाला तर ग्राहक आयोग दुरुस्ती, बदली गाडी, पैसे परत किंवा भरपाई असा आदेश देऊ शकतो. सगळी मेख त्या ‘सिद्ध’मध्ये आहे.

बिलं, वॉरंटीचं पुस्तक, फ्री सर्व्हिसच्या नोंदी जपून ठेवा. बाहेरच्या गॅरेजात वायरिंगला हात लावू देऊ नका आणि जादा लाइट बसवू नका.

आता जॉबकार्ड, म्हणजे गाडी सर्व्हिसला देताना तुमची तक्रार ज्यावर लिहितात तो कागद. बहुतेक प्रकरणं इथेच हातची जातात. तुम्ही सांगता, ‘तिसऱ्या गिअरवरून गाडी आपोआप न्यूट्रलला येते.’ काउंटरवरचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर लिहितो, ‘जनरल चेकअप’. वर गोड बोलतो, ‘लिहायची गरज नाही दादा, मी बघून घेतो.’ तिथून हलू नका. तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: काय होतं, केव्हा होतं, गाडी गार असताना की गरम झाल्यावर, आणि किलोमीटर किती झालेत. तीच तक्रार घेऊन परत गेलात तर ‘पुन्हा तीच तक्रार’ हे शब्द आलेच पाहिजेत. प्रत मागा, देत नसतील तर काउंटरवरच फोटो काढा आणि तीच माहिती ईमेलने पाठवा.

अंबडच्या सर्व्हिस रोडला एक चक्कर मारून ‘चांगलीच आहे की’ म्हणणारा मेकॅनिक मला मान्य नाही. दोष गरम इंजिनावरच येत असेल तर त्याला मागे बसवून त्र्यंबक रोडने अर्धा तास न्या.

सर्व्हिसहून गाडी परत घेताना ‘समाधानी आहे’ असं छापलेल्या ओळीखाली डोळे मिटून सही करू नका. ‘तक्रार कायम’ लिहा, तारीख टाका, मग सही. नंतर सर्व्हिसला गुण द्या म्हणून फोन येतो, ‘सर, दहापैकी दहा द्या ना, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.’ पोराची दया येते, पण दहा देऊ नका. तेच दहा पुढे तुमच्याविरुद्ध कागद म्हणून येऊ शकतात.

मग डीलर आणि कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टने नोटीस, १५ दिवसांची मुदत देऊन. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडी मुंबईत घेतली असली तरी तुम्ही नाशिकला राहता म्हणून तक्रार नाशिकलाच करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. डिलिव्हरीच्या कामावर पोट असणाऱ्यालाही हा कायदा लागू आहे. ‘व्यावसायिक वापर’ म्हणून कोणी घाबरवलं तर ऐकू नका. फक्त ‘नवी गाडीच द्या’ असं अडून बसू नका. एखादा भाग बदलून भागत असेल तर अख्खी गाडी सहसा मिळत नाही. नवी गाडी, नाहीतर पैसे परत, नाहीतर दुरुस्ती असे पर्याय क्रमाने मागा आणि भरपाई वेगळी मागा. प्रयोगशाळेत तपासणीची विनंतीही करा. तिचं शुल्क आधी तुम्हालाच भरावं लागतं.

ब्रेक किंवा स्टिअरिंगचा दोष असेल तर गाडी उभी करा आणि ती उभी केल्याचं डीलरला लेखी कळवा. आणि रागाच्या भरात हप्ते थांबवू नका. कर्ज देणाऱ्याला तुमच्या गिअरबॉक्सशी देणंघेणं नसतं, सिबिल स्कोअर मात्र तुमचा पडतो.